वादळाच्या पाठीमागे

आभाळ भरून आले की आपण गुरे आत बांधतो, वाळवण उचलतो, दारे लावून घेतो. अमेरिकेत मात्र अशी काही मंडळी आहेत, की वादळ होणार म्हटले की मोटार काढतात आणि थेट त्याच्याकडे निघतात. त्यांना कोणी पगार देत नाही की हुकूम करीत नाही, निव्वळ हौस. नॉर्थ डाकोटातला डेव्हिड होडली हा तरुण 1956 साली असा निघाला आणि पुढे कितीतरी वर्षे जात राहिला. या हौशी लोकांतला तो अगदी पहिल्यांपैकी एक.

ते ज्याच्या मागे लागतात तो टोर्नॅडो. आपल्याकडची वावटळ तापलेल्या जमिनीवरून, लख्ख उन्हात वर उठते. टोर्नॅडो गडगडाटी ढगाच्या पोटातून हत्तीच्या सोंडेसारखा खाली उतरतो. मोठा असला तर त्यातला वारा ताशी 200 मैलांच्याही वर जातो, घर पायापासून उचलतो. 1925 साली 18 मार्चला एकाच टोर्नॅडोने तीन राज्यांत 695 माणसे मारली.

टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस हा त्याचा खास मुलूख. सपाट, गव्हाच्या शेतांचा. दक्षिणेच्या आखातावरून दमट हवा येते, पश्चिमेच्या पठारावरून कोरडी. त्यात उंचीवरचे वारे वेगळ्या दिशेने आणि जोराने वाहतात, म्हणून तिथला एखादा ढग सबंधच्या सबंध गरगरू लागतो. मे महिना आला की हे जमून येते.

आता त्यांचा एक दिवस पाहू. सकाळी नकाशे पाहायचे, कुठे दमट आणि कोरडी हवा भिडणार त्याचा अंदाज बांधायचा आणि दोन-तीनशे मैल गाडी हाकायची. दुपारी एखाद्या लहान गावच्या पेट्रोल पंपावर नुसते बसून राहायचे. उकाडा असा, की अंगाला सदरा चिकटतो. वर उबदार हवेचा थर असतो, भाताच्या भांड्यावर झाकण ठेवावे तसा. ते झाकण उडालेच नाही तर संध्याकाळपर्यंत आभाळ कोरडे, आणि मंडळी हात हलवीत परत. बहुतेक दिवस असेच जातात बरं का! उडाले, तर चारच्या सुमारास ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगत 50,000 फुटांच्या वर जातो.

मग उभे कुठे राहायचे, हा खरा प्रश्न. ही वादळे बहुधा ईशान्येकडे सरकतात. उत्तरेच्या बाजूला पाऊस आणि लिंबाएवढ्या, कधी संत्र्याएवढ्या गारा. म्हणून जाणता माणूस आग्नेयेला थांबतो. तिथून ढगाचा तळ कोरडा, मोकळा दिसतो. आणि पळायची वाट आधी हेरून ठेवतो.

हा नुसता रिकामटेकडेपणा नव्हे. रडारचा किरण सरळ जातो, जमीन मात्र गोलाईने खाली वळते. साठ मैलांवर तो किरण जमिनीपासून 4,000 फुटांहून उंच असतो. त्याखाली, गावाच्या कौलांवर काय चालले आहे, हे पाहायला माणसाचा डोळाच हवा. त्याने कळवले, हवामान कचेरीने इशारा दिला, की घरची माणसे तळघरात जातात. 1973 साली 24 मेला युनियन सिटी गावचा टोर्नॅडो शास्त्रज्ञांच्या तुकडीने जवळून चित्रित केला. तो रडारशी ताडून पाहिला, तेव्हा कळले की जमिनीला टेकण्याआधीच ढगातली फिरकी रडारवर उमटली होती. आजच्या इशाऱ्यांना त्याचा मोठा आधार आहे.

पण डोळा चुकू शकतो. 2013 साली 31 मेला एल रेनोजवळचा टोर्नॅडो पावसाच्या पडद्याआड होता. बघता बघता तो 2.6 मैल रुंद झाला, वळला, वेगही वाढला. टिम समारास हा मुरलेला अभ्यासक. टोर्नॅडोच्या वाटेत उपकरणे ठेवून 2003 साली त्याने आतला हवेचा दाब मोजला होता. तो, त्याचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग तिघेही त्यात गेले. एक हौशी पाठलागीही त्याच दिवशी दगावला. रस्त्यांवर घरे सोडून निघालेली कुटुंबे आणि पाठलाग करणारे यांची एकच दाटी झाली होती. गंमत म्हणून गेलेल्याची मोटार पळणाऱ्याच्या वाटेत उभी राहावी, हे मला तरी कुठल्याच हौसेत बसत नाही.

दिवस मावळला की शहाणे लोक पाठ फिरवतात. अंधारात सोंड दिसते ती फक्त विजेच्या लखलखाटात, तीही क्षणभर. मग रस्त्याकडेच्या खानावळीत दोन घास खायचे. दूर पूर्वेला तोच ढग आतून उजळत दुसऱ्या गावांकडे निघालेला असतो, आणि तिथले भोंगे वाजू लागलेले असतात.