हाडाने धरून ठेवावं असं प्लास्टिक



"पायात रॉड टाकलाय", "मणक्यात स्क्रू बसवलेत" ही वाक्यं बारामती-इंदापूरकडे आता घरोघरी ऐकू येतात. रॉड बहुधा पोलादाचा किंवा टायटॅनियमचा असतो. पण खराब झालेली चकती काढून दोन मणक्यांमध्ये जी छोटी केज बसवतात, ती पुष्कळदा प्लास्टिकची असते. पॉलिइथर इथर कीटोन हे त्याचं नाव. डॉक्टर त्याला 'पीक' म्हणतात.

टायटॅनियम हाडापेक्षा पाच-सहा पट ताठ. भार तेच पेलतं आणि शेजारच्या हाडाला काम उरलं नाही की ते विरळ होत जातं. पीक लवचिकतेत हाडाच्या बरंच जवळ आहे. शिवाय ते एक्स-रेच्या आड येत नाही, त्यामुळे मणके जुळले का ते दिसतं.

अडचण अशी, की हाड त्याला धरत नाही. त्याचा पृष्ठभाग पाणी झिडकारतो. शरीर त्याच्याभोवती तंतूंचा पातळ पडदा विणतं आणि हाड पडद्याअलीकडेच थांबतं. केज हलू लागली, तर डाळिंबाचे क्रेट उचलणाऱ्या माणसापुढे दुसरी शस्त्रक्रिया उभी राहते.

1952 साली स्वीडनमध्ये संशोधक ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढता येईना, इतकं ते हाडाशी एकजीव झालं होतं. प्लास्टिकला ही पकड मिळवून द्यायची आहे. गवंडी गुळगुळीत काँक्रीटला गिलाव्याआधी टाचे मारतो, तसं संशोधक गंधकाम्लाने पीकवर सूक्ष्म छिद्रं पाडतात. कुणी प्लाझ्मा म्हणजे विद्युतभारित वायू वापरतात, कुणी टायटॅनियमचा थर देतात. मला सर्वांत आशा वाटते ती हायड्रॉक्सिॲपेटाइटची. आपल्या हाडातलंच हे कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज. त्याचा नुसता लेप सुटू शकतो. प्लास्टिकमध्येच मिसळलं तर सुटण्याची भीती नाही, मात्र प्रमाण वाढलं की प्लास्टिक ठिसूळ होतं. खरी कसोटी त्या प्रमाणाचीच.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमरचं जाणकार मनुष्यबळ आहे. बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोघांनी मिळून मांडी घालून बसणाऱ्या, वाकून ऊस तोडणाऱ्या पाठीचा विचार करायला हवा.

तोवर दोन गोष्टी आपल्या हातातल्या. धूम्रपानाने हाड जुळायला वेळ लागतो. शस्त्रक्रियेआधीच ते सोडा. आणि इम्प्लांटचं नाव व क्रमांक असलेलं स्टिकर डॉक्टरांकडून मागून घ्या, फाइलमध्ये जपून ठेवा. पुढे दुसऱ्या डॉक्टरांना आत काय बसवलंय ते त्यावरूनच कळेल.