नागरी हलकी रेल्वे : खर्च कोणाचा, लाभ कोणाचा

नागरी वाहतुकीच्या अर्थकारणाचा विचार करणारी ही परिषद खान्देशातील चाळीसगावी भरत आहे. हलकी रेल्वे म्हणजे मेट्रोहून लहान गाड्यांची, कमी खर्चाची शहरी रेल्वे. ती ज्या गावात नाही, त्या गावाने ही परिषद भरवण्यास कारण आहे. येथून जवळच असलेल्या पाटणच्या शके 1128 मधील शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापलेल्या मठाला बाजारातील मालावरचे कोणते उत्पन्न मिळावे, हे कोरलेले आहे. सार्वजनिक कामाचा पैसा कोणाकडून येणार हे सर्वांना वाचता येईल असे नोंदवण्याची ही रीत आजच्या प्रकल्प अहवालांत क्वचितच दिसते.

पैशाचा हा प्रश्न नाशिकच्या उदाहरणावरून पाहू. तेथील मेट्रो निओला, म्हणजे उन्नत मार्गावर विजेच्या तारेखाली धावणाऱ्या रबरी चाकांच्या गाड्यांच्या योजनेला, केंद्राचा हिस्सा देण्याची घोषणा 2021 च्या अर्थसंकल्पात झाली. खर्च 2,092 कोटी रुपये धरला होता, परंतु पुढे अनेक वर्षे काम मार्गी लागले नाही. अशा प्रकल्पांसाठी 2017 च्या मेट्रो धोरणाने 14 टक्के आर्थिक परतावा दराची अट घातली. तिकिटांच्या उत्पन्नापुरते न थांबता प्रवाशांचा वाचलेला वेळ, इंधन आणि टळलेले अपघात यांचेही पैशांत मोल करून हा दर काढतात, आणि ते योग्यच आहे, कारण 1900 साली सुरू झालेल्या चाळीसगाव–धुळे लोहमार्गाचे मोलही केवळ तिकीट खिडकीवर ठरले नाही. मात्र लाभ किती हे सांगणारा हा दर तो लाभ कोणाच्या पदरी पडतो हे सांगत नाही. शिवाय हा दर प्रवासीसंख्येच्या अंदाजावर उभा असतो, आणि 2014 मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या मोनोरेलला अंदाजाइतके प्रवासी कधीच मिळाले नाहीत.

स्थानकालगतच्या जमिनीची वाढलेली किंमत हा सर्वांत ठळक लाभ होय. मुंबई, पुणे, ठाणे व नागपूर येथे 2022 पासून मालमत्तेच्या दस्तांवर 1 टक्का मेट्रो अधिभार आहे, पण तो घर विकत घेणारा भरतो, मग त्याचे घर स्थानकापासून कितीही दूर असो. जमीन धरून बसलेल्या मालकाची वाढ मात्र अस्पर्श राहते. प्रकल्पखर्चातील राज्याचा हिस्सा तर कधीही त्या गाडीत न बसणाऱ्या कापूस उत्पादकाच्या करातूनही जातो. म्हणून स्थानकापासूनच्या अंतरानुसार मालकांकडून वाढीचा वाटा घेता येईल का, या प्रश्नाने पहिले सत्र सुरू व्हावे, अशी परिषदेच्या स्वागत समितीची विनंती आहे.