शाळा सुटल्यानंतरचा शिक्षक



शिक्षकाच्या वर्तनाविषयी आपल्याकडे जेव्हा चर्चा होते, तेव्हा ती बहुधा निषेधांच्या यादीपाशी येऊन थांबते. शिक्षकाने पानाच्या ठेल्यावर रेंगाळू नये, चव्हाट्यावर पत्ते कुटीत बसू नये, शिक्षिकेने अमुक वेश करू नये, तमुक ठिकाणी एकटीने जाऊ नये. शिक्षिकांच्या वाट्याला येणारी यादी नेहमीच अधिक लांब असते आणि ती करणारे बहुधा पुरुष असतात, हे जाता जाता नमूद केले पाहिजे. यांतील काही निषेध योग्यच आहेत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १९६४ साली झालेले वर्तणूक नियम सार्वजनिक ठिकाणी मद्याच्या अमलाखाली वावरण्यास मनाई करतात, आणि शिक्षकाच्या बाबतीत तर त्याबद्दल वाद होण्याचे कारण नाही. परंतु अशा यादीतील एकही कलम न मोडणारा शिक्षक विद्यार्थ्याला काही देऊ शकलेला नसतो, असेही आपण पाहतो.

मुले आपल्याकडे सदैव पाहत असतात, हे खरे. पण ज्या पाठासाठी आपण वर्गात फळ्यावर अक्षरे लिहिली, त्याच पाठाची किंमत मोजण्याची वेळ शाळेबाहेर आपल्यावर येते, त्या क्षणी त्यांचे पाहणे निराळे असते.

ईश्वरचंद्र विद्यासागरांचे उदाहरण घ्या. कलकत्त्याच्या संस्कृत महाविद्यालयाचे प्राचार्य असताना त्यांनी विधवाविवाहाला शास्त्राधार असल्याचे ग्रंथांतून दाखविले आणि १८५६ साली त्यासंबंधीचा कायदा झाला. येथपर्यंतचे कार्य विद्वानाचे होते. त्यानंतर अशा विवाहांचा खर्च सोसता सोसता ते कर्जबाजारी झाले, आणि १८७० साली त्यांचा एकुलता मुलगा नारायणचंद्र याने एका विधवेशी विवाह केला, तेव्हा नातलगांचा विरोध असूनही ते मुलाच्या पाठीशी उभे राहिले. दुसऱ्याच्या मुलाला जे सांगावयाचे, ते स्वतःच्या घरात घडू देणे, यापलीकडे दुसरा पुरावा कोणता असू शकतो?

पुण्यात याचाच पुढचा अध्याय घडला. धोंडो केशव कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. प्रथम पत्नीच्या निधनानंतर कुमारिकेशी विवाह करणे त्या काळी त्यांना सहज शक्य होते. त्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्यांचे शिक्षण झाले होते. मुरुड या कर्व्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. गणिताच्या तासाला त्यांनी सामाजिक सुधारणेवर व्याख्यान देण्याची आवश्यकता मग उरली होती काय?

आणि सावित्रीबाई फुले. १८४८ साली सुरू झालेल्या मुलींच्या शाळेतील त्यांचे काम सर्वांना ठाऊक आहे. परंतु १८६८ साली या दांपत्याने आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला, ही गोष्ट शिक्षकाने विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शाळेचे दार उघडणे एक वेळ सोपे. घरचे पाणी उघडणे कठीण. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच त्यांना मृत्यू आला.

ही माणसे थोर होती, आम्ही सामान्य, असे कोणी म्हणेल. ते मान्य करून मी सामान्य प्रसंगांकडे येतो. हुंडाप्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे. हुंडा देऊ नये आणि घेऊ नये, असे कलम वर उल्लेखिलेल्या वर्तणूक नियमांतही आहे. आपण मुलांकडून ‘हुंडा : एक सामाजिक शाप’ या विषयावर निबंध लिहून घेतो. मग एखाद्या गुरुजींचे लग्न ठरते, किंवा त्यांच्या मुलाचे, आणि मांडवाबाहेर उभ्या असलेल्या नव्या मोटारसायकलीकडे विद्यार्थी टक लावून पाहतात. त्या निबंधाचे खरे गुण त्या दिवशी दिले जातात.

दुसरा प्रसंग खाजगी शिकवणीचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने शिक्षकाला खाजगी शिकवणी करण्यास मनाई केली आहे. मनाईचे कारण केवळ आर्थिक नाही. दिवसा वर्गात जे उदाहरण अर्धवट सोडले गेले, तेच संध्याकाळी फी भरणाऱ्या दहा मुलांसमोर पूर्ण होते, आणि फी भरू न शकणारा मुलगा दुसऱ्या दिवशी त्या दहा वह्या पाहतो. त्याला यातून जे उमगते, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. अर्थात, तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे कंत्राटी म्हणून राबणाऱ्या शिक्षकाला हा उपदेश करताना जीभ अडखळते. ज्या समाजाला आदर्श गुरू हवा आहे, त्याने त्या गुरूच्या पोटाचीही चिंता केली पाहिजे. नुसता ५ सप्टेंबरला हार घालून भागत नाही.

समाजाची आणखीही एक विसंगती आहे. जनगणना, निवडणुका आणि आपत्तीतील मदत यांसाठी तोच कायदा शिक्षकाला शाळेबाहेर नेण्यास मुभा देतो. शिक्षक घरोघर फिरतो, मतदान केंद्रावर रात्र काढतो. मात्र त्याने गावातील एखाद्या अन्यायाविषयी तोंड उघडले, की ‘तुमचे काम शिकविण्याचे’ असे त्याला सुनावले जाते. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शिक्षकांना सर्व नागरी हक्क मोकळेपणाने बजावता यावेत, अशी शिफारस केली होती. जो स्वतः भीतीने गप्प आहे, त्याने मुलांना निर्भय होण्यास कसे शिकवावे? पक्षाचा प्रचार वर्गात आणणे निराळे आणि पाणवठ्यावर भेदभाव होत असताना तेथे जाऊन उभे राहणे निराळे. हा भेद सेवानियमांना नेहमीच कळतो, असे नाही.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सुचविले होते, की शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनांनी स्वतःच व्यावसायिक आचारसंहिता तयार करावी आणि तिच्या पालनाकडे लक्ष द्यावे. ही सूचना मला मोलाची वाटते. कारण अधिकाऱ्याने लादलेला नियम आणि सहकाऱ्यांनी मिळून स्वीकारलेला नियम यांत फार अंतर असते. तशी संहिता आपल्या संघटनेने लिहावयास घेतली, तर पान आणि पत्ते यांच्याआधी हुंडा, शिकवणी आणि पाणी यांचा उल्लेख त्यात असावा, असे मी सुचवीन. चौथे कलम कोणते असावे, याविषयी आता आपले म्हणणे ऐकण्यास मी उत्सुक आहे.