पोटासाठी घेतलेले वाहन आणि ‘ग्राहक’ या शब्दाची व्याप्ती

पानिपत म्हटले की मराठी मनात 1761 हे साल उभे राहते. आजचे पानिपत मात्र ब्लँकेटचे, सतरंज्यांचे आणि जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा काढलेल्या सुताचे शहर आहे. अशा शहरात हप्त्यांवर टेम्पो घेऊन स्वतः मालाचे गठ्ठे वाहणाऱ्या चालकाची कल्पना करा. सहा महिन्यांतच इंजिन निकामी झाले आणि विक्रेता दाद देईना, तर हा चालक कायद्याच्या दृष्टीने ग्राहक ठरतो काय? हप्ते बाकी असल्याने त्याचा हक्क जात नाही. अडचण आहे ती ‘व्यापारी हेतू’ या शब्दांची.

ग्राहक संरक्षण कायदा, 1986 ने पुनर्विक्रीसाठी वा व्यापारी हेतूने वस्तू घेणाऱ्यास वगळले होते. 1993 च्या दुरुस्तीने स्पष्टीकरण जोडले, की केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगाराच्या मार्गाने वस्तू वापरणे हा व्यापारी हेतू नव्हे. याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये महाराष्ट्रातील लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात उलगडला. कोइमतूरच्या पी.एस.जी. संस्थेकडून घेतलेले महागडे यंत्र उशिरा आणि सदोष मिळाल्याची त्यांची तक्रार होती. यंत्राचे स्वरूप पाहता न्यायालयाने त्यांना ग्राहक मानले नाही. दिवाणी न्यायालयाचा मार्ग तेवढा मोकळा राहिला. मात्र त्याच निकालात न्यायालयाने म्हटले, की रिक्षा वा ट्रक स्वतः चालवून पोट भरणारा खरेदीदार ग्राहकच आहे, आणि मदतीला एकदोन माणसे घेतल्याने त्याचा हा दर्जा जात नाही. वाहन पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती सोपवले, तर मात्र जातो. परीक्षार्थींनी निकालाचा हा दुसरा भाग विसरू नये. पुष्कळ जण पहिलाच लक्षात ठेवतात.

2020 पासून अमलात असलेल्या 2019 च्या कायद्याने आपल्या टेम्पोचालकाची एक पायपीट वाचवली. वाहन दिल्लीत घेतले असले, तरी तो राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असल्यास हा आयोग पुरे, आणि 5 लाखांपर्यंत शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.

दुरुस्तीच्या बाबतीत मला हा कायदा तोकडा वाटतो. 2002 च्या दुरुस्तीने उपजीविकेसाठी घेतलेल्या सेवाही त्या स्पष्टीकरणात आणल्या होत्या. 2019 च्या कायद्यातील कलम 2(7) च्या स्पष्टीकरणात केवळ खरेदी केलेल्या वस्तूंचा उल्लेख उरला. सेवा हा शब्द गळाला. म्हणजे टेम्पो सदोष निघाल्यास चालकाला आधार स्पष्ट आहे; गॅरेजने तोच टेम्पो बिघडवला तर ‘व्यापारी हेतूने घेतलेली सेवा’ हा आक्षेप गॅरेजवाला घेऊ शकतो. वाहन एकदाच घेतले जाते, दुरुस्तीचा खर्च वर्षानुवर्षे चालतो, आणि गाडी गॅरेजमध्ये अडकलेल्या दिवसांचे उत्पन्नही बुडते. कायद्याचे संरक्षण जेथे अधिक लागते, तेथेच ते संदिग्ध राहिले आहे.