खोली भाड्याने देताना कायद्याचे भान



आपल्यापैकी अनेकांची उमेदीची वर्षे भाड्याच्या खोलीत गेली. आडनाव ऐकून खोली नाकारल्याचा अनुभवही पुष्कळांच्या गाठीशी आहे. आता काहींनी फंडाच्या पैशातून घरावर मजला चढवला, एखादी खोली भाड्याने लावली. म्हणजे आपणच घरमालक झालो. भाडे आपणच वसूल करतो, नळही आपणच दुरुस्त करून घेतो. त्यात आम्ही जी चूक केली, तीच आज सांगणार आहोत.

२००९ साली आम्ही वरची खोली तोंडी बोलीवर दिली. माणूस ओळखीचा, कागद कशाला, असे वाटले. अडीच वर्षांनी खोली परत मागितली तेव्हा अनामत रकमेचा वाद निघाला. आमच्या हिशेबात २० हजार, त्याच्या म्हणण्यानुसार ५० हजार. पैसे घेतले होते आमच्या थोरल्या बंधूंनी, आणि ते तोवर निवर्तले होते. खरे काय, हे आम्हांला आजही ठाऊक नाही. वकिलांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ पुढे ठेवला. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. ती पाळली नाही तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य. शिवाय मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आम्ही मुकाट्याने ५० हजार मोजले.

‘११ महिन्यांचा करार, म्हणून नोंदणी नको’ हा समज तर घरोघरी आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, आणि महाराष्ट्रात ११ महिन्यांचा भाडेकरारही नोंदवावाच लागतो. आता तो घरबसल्या संगणकावरूनही नोंदवता येतो. राहण्यासाठी ‘लीव्ह अँड लायसन्स’चा लेखी करार असेल आणि मुदत संपूनही समोरचा खोली सोडत नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट दराने भरपाईही मागता येते.

त्या वादात रागाच्या भरात आम्ही वरच्या नळाची चावी बंद करायला निघालो होतो. वकिलांनी हात धरला म्हणून वाचलो. भाडे थकले तरी पाणी-वीज तोडणे हा मालकाचा गुन्हा ठरतो. (चाळीत असताना आमच्या मालकाने हेच केले होते, तेव्हा आम्ही त्याला काय काय म्हणालो होतो, ते येथे सांगत नाही!)

भाड्याची पावती देणे सक्तीचे आहे. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही ती मागून घ्या. मागण्यात संकोच नको. पोलिसांच्या आदेशानुसार नव्या भाडेकरूची माहिती ठाण्यात देणे राहून जाते, तेही पाहावे.

सध्या त्याच खोलीत एक विद्यार्थी राहतो. करार नोंदवलेला आहे, अनामत चेकने घेतली आहे. मुद्रांक व नोंदणीचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा सोसला. पावतीपुस्तक आमच्या सौभाग्यवतींच्या ताब्यात असते, कारण आम्ही विसरतो.