सागराच्या दोन थरांतून वीज आणि पाणी

उष्ण कटिबंधातील समुद्राचे पृष्ठभागावरील पाणी बहुतेक वर्षभर २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाचे असते. त्याच्या खाली एक किलोमीटरवरचे पाणी मात्र, ध्रुवीय प्रदेशांतील थंड पाणी खोलवरून वाहत येत असल्यामुळे, जेमतेम पाच-सात अंशांचे असते. या दोन थरांच्या तापमानातील सुमारे २० अंशांच्या फरकापासून वीज मिळवण्याच्या पद्धतीस सागरी औष्णिक ऊर्जा रूपांतरण असे म्हणतात. सूर्य मावळला किंवा वारा पडला तरी हा फरक टिकून राहत असल्याने ही वीज रात्रंदिवस मिळू शकते.

या पद्धतीच्या बंद चक्र नावाच्या प्रकारात अमोनिया वापरतात. वातावरणाच्या दाबाखाली उणे ३३ अंशांनाच उकळणारा हा पदार्थ योग्य दाबाखाली ठेवला, की समुद्राच्या कोमट पाण्यानेही त्याची वाफ होते. ती वाफ टर्बाइनची पाती फिरवते, टर्बाइनला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते आणि संघनकात, म्हणजे वाफेचा पुन्हा द्रव करणाऱ्या भागात, खोल पाण्याच्या गारव्याने अमोनिया पूर्वस्थितीला येतो.

ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ दार्सोन्वाल यांनी १८८१ मध्ये मांडली आणि त्यांचे शिष्य जॉर्ज क्लोद यांनी १९३० मध्ये क्यूबातील मातान्सास येथे २२ किलोवॉटचे संयंत्र चालवून दाखवले; परंतु त्याच्या पंपांनाच त्याहून अधिक वीज लागत असे. तापमानातील फरक इतका लहान असला की सिद्धांतानुसारही उष्णतेचा सुमारे सात टक्केच भाग कामी येऊ शकतो, आणि प्रत्यक्षात तो दोन-तीन टक्क्यांवर येतो. म्हणूनच प्रचंड पाणी खेचावे लागते आणि सारी मदार थंड पाण्याच्या नळावर राहते. लाटा, प्रवाह आणि स्वतःचे वजन यांचा ताण सोसणारा हा नळ समुद्रात उतरवणे किती अवघड असते, याचा अनुभव भारतानेही घेतला आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने तमिळनाडूच्या किनाऱ्यापासून दूर ‘सागरशक्ती’ या तरंगत्या मंचावर १ मेगावॉटचा प्रयोग योजला होता. तेथील सुमारे एक किलोमीटर लांबीचा नळ उतरवतानाच गमवावा लागला.

तरीही त्या प्रयत्नातून मिळालेले ज्ञान वाया गेले नाही. याच संस्थेने २००५ मध्ये लक्षद्वीपमधील कवरत्ती बेटावर तापमानाच्या फरकावर चालणारे, रोज एक लाख लिटर गोडे पाणी देणारे केंद्र उभारले. तेथे सुमारे २८ अंशांचे समुद्राचे पाणी जवळजवळ निर्वात टाकीत सोडतात. दाब अत्यल्प असल्याने त्याचा थोडा अंश तत्काळ वाफ होतो, मीठ मागेच राहते, आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ निववली की पिण्याजोगे पाणी मिळते. अशा केंद्राचे पंपही सागरी विजेवरच चालावेत, यासाठी कवरत्तीतच ६५ किलोवॉटचे संयंत्र उभारण्याचे काम संस्थेने हाती घेतले.

ही पद्धत सर्वत्र लागू पडत नाही. कोकणासमोरील समुद्रबूड जमीन इतकी रुंद आहे की पुरेशी खोली गाठण्यासाठी किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर जावे लागेल. प्रवाळबेटांजवळ मात्र समुद्राचा तळ एकदम खोल जातो. ज्या बेटांवर डिझेल जहाजाने आणावे लागते आणि विहिरींचे गोडे पाणी मोजकेच असते, तेथे वीज व पाणी या दोन्ही गरजा एकाच नळाने भागत असतील, तर त्याचा खर्च निव्वळ विजेच्या प्रतियुनिट दरावर तोलणे अन्यायाचे ठरेल.