समुद्रावरचा उजेड आणि आकाशातील साक्षीदार



कुणकेश्वराचे मंदिर समुद्राच्या अगदी काठावर उभे आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत हा किनारा दिव्यांनी उजळून निघतो. तो उजेड सर्वांच्या आनंदाचा. परंतु देवगड-मालवणच्या पारंपरिक मच्छीमाराला धास्ती वाटते ती खोल समुद्रातील एलईडी दिव्यांची. नौकेवरील प्रखर प्रकाशाकडे बांगडा, माकूल अशी मासळी ओढली जाते आणि पर्ससीनचे जाळे वेढा घालून ती उचलते. लहान पिलेही त्यात सापडतात. मग रापणीला आणि छोट्या होडीला उरते काय?

केंद्र सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये या मासेमारीवर बंदी घातली. राज्यानेही 2021 मध्ये सागरी मासेमारी कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढविला. कायदा झाला, पण अंधाऱ्या समुद्रावर नजर ठेवणार कोण?

येथे उपग्रह साहाय्यास येतो. 2011 साली प्रक्षेपित झालेल्या सुओमी एनपीपी या अमेरिकी उपग्रहावर व्हीआयआयआरएस नावाचे उपकरण बसविले गेले. पुढे 2017 आणि 2022 मधील उपग्रहांवरही तेच आहे. मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास ते सुमारे पाऊण किलोमीटरच्या एकेका चौकटीतून वर येणारा प्रकाश मोजते. गावाचा उजेड नित्य एकाच जागी दिसतो. काळ्या समुद्रात नव्याने उमटलेला तेजस्वी ठिपका बहुधा नौकेचा असतो. असे ठिपके हुडकण्याची पद्धत 2015 मध्ये प्रसिद्ध झाली आणि इंडोनेशिया, फिलिपिन्सच्या समुद्रात ती वापरली गेली.

या साक्षीदाराच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. ढग आले की त्याला दिसत नाही. चांदण्यात मंद दिवे हरवतात. एलईडीच्या प्रकाशातील निळा अंश हे उपकरण टिपत नाही, त्यामुळे मोजमाप कमी भरते. दीडपूर्वी विझलेला दिवा त्याच्या नोंदीत येत नाही. शिवाय ठिपक्यावर नौकेचे नाव लिहिलेले नसते. म्हणून केवळ त्याच्या आधारे कोणाला दोषी ठरविणे न्यायाचे होणार नाही.

मात्र अनेक रात्रींचे ठिपके एका नकाशावर मांडले, तर गस्ती नौकेने कोठे आणि कोणत्या हंगामात जावे, हे निश्चित सांगता येईल. उपग्रहाची मूळ चित्रे विनामूल्य उपलब्ध आहेत. किनाऱ्यावरील महाविद्यालयांतील तरुणांनी ती वाचायला शिकावे, नकाशे करावेत आणि मच्छीमार संस्थांच्या हाती द्यावेत. तक्रारीला तारीख आणि ठिकाण यांची जोड मिळाली, की ती टाळणे कोणत्याही कार्यालयाला सोपे राहत नाही.